गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय : मावशींचे रस, काढे, कॅप्सूल आणि पुडी कधी आणि कशी बंद करायची?

रानजाई

मावशींचं वय ६४. पाच आठवड्यांनी उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी "चालू औषधांची यादी आणा" म्हणून सांगितलंय. यादी करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की निम्म्या गोष्टी प्रिस्क्रिप्शनवर नाहीतच.

डॉक्टरांची औषधं : मेटफॉर्मिन ५०० + ग्लिमेपिराइड १ (सकाळ-संध्याकाळ), टेल्मिसार्टन ४० + हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५, थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, ॲस्पिरिन ७५.

घरची : बाटलीतला गुळवेलीचा रस ३० मिली सकाळी अनशापोटी, पाच-सहा महिन्यांपासून. अर्धा पेला कारल्याचा रस, कधी त्यात दुधी घालून. अश्वगंधा कॅप्सूल रात्री एक. हळद-मिरीची कॅप्सूल दिवसाला दोन (डबीवर कर्क्युमिन ९५ टक्के, ५०० मिग्रॅ लिहिलंय). ज्येष्ठमध, सुंठ, तुळशीचा काढा दोनदा, दर वेळी ज्येष्ठमधाची पूड एक चमचा. झोपताना इसबगोल. आणि आठवडी बाजारातून आणलेली सांधेदुखीची पुडी, सकाळ-रात्र. ही तीन महिन्यांपासून चालू आहे. तिच्यावर नाव-गाव काही नाही, विकणारा म्हणतो शुद्ध जडीबुटी.

पुडीने दुखणं दोन दिवसांत निम्मं झालं. पण चेहरा गोल झालाय, संध्याकाळी घोट्यांवर सूज असते, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१ वरून ८.४ वर गेलंय आणि बीपी १५०/९० च्या खाली येत नाही.

यातलं काय लगेच थांबवायचं, काय चालू ठेवायचं? सगळं एकदम बंद केलं तर चालेल का?

---

मेडिकलवाला_कराड

आधी पुडी. बाकी सगळं नंतर.

तुम्ही दिलेलं वर्णन वाचल्यावर पहिला संशय स्टिरॉइडचा येतो. वनस्पतीने सांधेदुखी कमी व्हायला आठवडे लागतात. दोन दिवसांत निम्मी झाली, सोबत तोंड गोल झालं, साखर आणि बीपी चढलं, पायावर सूज आली, तर त्या पुडीत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असण्याची शक्यता भरपूर. अशा पुड्यांत बरेचदा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकंही कुटून घातलेली असतात. भूक वाढलीय का, हातावर जरा लागलं तरी काळे-निळे डाग पडतात का, हेही बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुडी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. स्टिरॉइड तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस पोटात गेलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल (शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं कमी करतात. बाहेरचा पुरवठा अचानक थांबला की शरीराकडे काहीच उरत नाही. मग गळून जाणं, मळमळ, उलट्या, उभं राहिलं की चक्कर, बीपी एकदम खाली, साखर एकदम खाली. मावशी ग्लिमेपिराइडवर आहेत, म्हणजे साखर पडण्याचा धोका त्यांना दुप्पट. पण याचा अर्थ पुडी चालू ठेवा असाही नाही. उद्या-परवातच फिजिशियनकडे जा, उरलेल्या सगळ्या पुड्या बरोबर न्या. ते पुडीच्या जागी मोजून-मापून प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन देतील आणि टप्प्याटप्प्याने उतरवतील. पुडीत नेमकं किती आहे हे कुणालाच सांगता येत नाही, एका पुडीत कमी तर दुसरीत जास्त असतं. म्हणून अर्धी पुडी, पाव पुडी असं घरी कमी करत बसण्यात अर्थ नाही.

तपासणी : सकाळी ८ वाजता रक्तातलं कॉर्टिसोल. १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी बहुधा ताळ्यावर आल्यात, ५ च्या खाली असेल तर स्टिरॉइड चालू ठेवावं लागतं, मधल्या आकड्यांना डॉक्टर ठरवतील. एक गफलत इथे नेहमी होते. पुडीत प्रेडनिसोलोन असेल तर बऱ्याच लॅबच्या यंत्राला ते कॉर्टिसोलच वाटतं आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. म्हणून शेवटची पुडी आणि रक्त देणं यात किमान २४ तासांचं अंतर हवं, आणि ते अंतर डॉक्टरांनीच ठरवायचं.

सोबत क्रिएटिनिन नक्की करा. टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि पुडीतलं वेदनाशामक, या तिघांचं त्रिकूट मूत्रपिंडाला फार वाईट. वेदनाशामक किडनीत रक्त आणणाऱ्या नळ्या आवळतं, टेल्मिसार्टन रक्त बाहेर नेणाऱ्या नळ्या सैल करतं, वर लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते. गाळण्याचा दाबच उरत नाही.

पुड्या फेकू नका. चार-पाच पुड्या मूळ कागदासकट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा, वर कुठून आणि कधी घेतल्या ते लिहा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार देता येते, टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५.

---

वैद्य_खलबत्ता

वर कराडकरांनी पुडीबद्दल लिहिलंय त्यात एक अक्षर बदलायची गरज नाही. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर काय असायलाच हवं ते तेवढं जोडतो : "आयुर्वेदिक औषध" हे शब्द, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि प्रत्येक घटकाचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि प्रमाण. औषधांच्या नियमांतल्या अनुसूची ई(१) (विषारी द्रव्यांची यादी) मधली बचनाग, धोतरा, कुचला, बिब्बा यांच्यासारखी विषारी द्रव्यं असतील तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या, ही सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. यातलं काहीच नसलेली पुडी म्हणजे आयुर्वेद नव्हे.

आता काढा. घरातले सगळे तुळस-सुंठीकडे बघतात, पण मावशींच्या बाबतीत गडबड ज्येष्ठमधाची आहे. ज्येष्ठमधात ग्लिसिऱ्हायझिन असतं, साधारण ४ टक्के धरा. एक चमचा पूड म्हणजे अंदाजे ३ ग्रॅम, म्हणजे १२० मिग्रॅ ग्लिसिऱ्हायझिन. दोन वेळा मिळून २४०. उकळत्या पाण्यात ते चांगलं उतरतं. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने नेहमीच्या सेवनासाठी दिवसाला १०० मिग्रॅची मर्यादा सांगितलेली आहे. मावशी रोज तिच्या दुपटीवर आहेत.

ते करतं काय? कॉर्टिसोलला निष्क्रिय करणारं एक विकर (एन्झाइम) मूत्रपिंडात असतं, ते विकर हे अडवतं. मग कॉर्टिसोल तिथे मीठ-पाणी धरून ठेवायच्या कामाला लागतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. सूज येते, बीपी चढतं. हायड्रोक्लोरोथायाझाइड पोटॅशियम घालवतंच, पुडीत स्टिरॉइड असेल तर तेही घालवतं, आणि ज्येष्ठमधामुळे प्रेडनिसोलोनचा अंमलही लांबतो. म्हणजे एकाच दिशेला ओढणाऱ्या तीन गोष्टी एका पोटात. घोट्याची सूज आणि न उतरणारं बीपी यात काढ्याचा हात असू शकतो. पायात गोळे येणं, स्नायू गळाल्यासारखे वाटणं, छातीत धडधड, असं काही असेल तर पोटॅशियम आणि ईसीजी त्याच दिवशी. पोटॅशियम ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं. ज्येष्ठमध आज बंद करा, त्याला उतरवत न्यावं लागत नाही. पण परिणाम पूर्ण जायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात बंद करून भागणार नाही. सुंठ-तुळशीचा साधा चहा दिवसातून एकदा चालेल.

कारलं. कारल्याच्या रसाने साखर उतरते आणि ग्लिमेपिराइडनेही उतरते, दोन्हीचा जोर कधी एकत्र लागेल याचा नेम नाही, म्हणून रस बंद. बंद केल्यावर सात दिवस सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघून लिहून ठेवा. स्टिरॉइड उतरत जाईल तशी साखरही खाली येईल, तेव्हा ग्लिमेपिराइडचा डोस कमी करावा लागेल. याकडे दुर्लक्ष झालं की पेशंट पहाटे घामाने थबथबून उठतो.

दुधी कारल्यात मिसळणं मात्र आजपासून कायमचं बंद, ऑपरेशन असो वा नसो. एखादा दुधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटॅसिन हे कडू विषारी द्रव्य वाढलेलं असतं. असा रस प्यायल्यावर थोड्याच वेळात पोटात मुरडा, उलट्या, रक्ताची उलटी किंवा जुलाब, बीपी खाली. दिल्लीत २०१० मध्ये असाच कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञांचा मृत्यू झाला होता, त्यानंतर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) तज्ज्ञ समिती नेमली. त्यांचा सल्ला सोपा आहे : रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर थुंका आणि दुधी टाकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या कशात मिसळू नका. दुधी विषारी आहे हे सांगणारी एकच खूण म्हणजे कडवटपणा, आणि कारल्यात मिसळला की तीच खूण झाकली जाते. यावर उतारा नाही. त्रास सुरू झाला की घरी लिंबूपाणी देत बसू नका, सलाइनची सोय असलेलं रुग्णालय गाठा.

---

सह्याद्रीवासी

एक मुद्दा. गुळवेलीला उगाच बदनाम केलं जातंय असं माझं स्पष्ट मत आहे. २०२१ मध्ये गुळवेलीने यकृताला इजा होते असं सांगणारा मुंबईचा पेपर आला तेव्हा आयुष मंत्रालयाने लगेच सांगितलं होतं की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तशीच दिसणारी दुसरी वेल असू शकते. ज्यांना घरच्या कुंपणावरची वेल माहीत आहे त्यांनी का घाबरायचं?

---

वैद्य_खलबत्ता

मंत्रालयाचा आक्षेप मला माहीत आहे आणि त्यात तथ्य असलेला भाग आहे. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची पानं हृदयाकृती आणि दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, खोडावरची साल कागदासारखी सुटते, आडवा काप घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. टिनोस्पोरा क्रिस्पाचं खोड मात्र उठावदार गाठींनी भरलेलं असतं, हात फिरवला तरी कळतं. टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानाला खालून मखमलीसारखी लव असते. कुंपणावर ही ओळख पटवता येते. पण मावशी बाटलीतला रस घेतायत. बाटलीत पान नाही, साल नाही, काप नाही. तुमचा युक्तिवाद बाटलीला लागू पडत नाही.

आणि प्रश्न तिथेच संपतही नाही. मुंबईच्या पहिल्या पेपरात सहा रुग्ण होते, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधले. त्यानंतर २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांचा एकत्रित अभ्यास आला, त्यात ४३ रुग्ण. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं यायला लागलेला मध्यक काळ ४६ दिवस. यकृताची इजा बहुतेकांत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तो आजार) दिसली. गुळवेल रोगप्रतिकारशक्तीला चालना देते, हे आपणच सांगतो. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या अवयवांवर उलटण्याच्या बेतात आहे, त्याला ती चालना नको असते. मावशींना थायरॉइड कमी आहे. प्रौढ वयात थायरॉइड कमी होण्याचं नेहमीचं कारण हाशिमोटो, म्हणजे ऑटोइम्यूनच. लाखो लोक गुळवेल घेतात आणि बहुतेकांना काही होत नाही, हे खरं. पण मावशी नेमक्या त्या गटात बसतात जिथे जपायला हवं.

मुदतीचं काय? आयुषच्या २०२० च्या कोविड शिफारशीत गुळवेल घनवटी ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, १५ दिवस किंवा एक महिना, असं होतं. लोकांनी "रोज घ्या" एवढंच लक्षात ठेवलं. पाच-सहा महिने सलग घेणं कुठल्याच वैद्याने सांगितलेलं नसतं.

रानजाई, तुमच्यासाठी : गुळवेल आज बंद. एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, बिलिरुबिन या यकृताच्या चाचण्या करून घ्या. एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिप्पट आणि बिलिरुबिन दुपटीच्या वर असेल तर ऑपरेशन बाजूला ठेवून आधी यकृताचे डॉक्टर. नुसता एसजीपीटी थोडा वाढलेला असेल तर तीन आठवड्यांनी परत बघा. आणि हो, स्टिरॉइड चालू असताना ऑटोइम्यून प्रकारची यकृताची सूज दबलेली असू शकते. पुडी उतरत गेल्यावर ती वर येते. म्हणून एकदा नॉर्मल रिपोर्ट आला तरी स्टिरॉइड संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट हवाच. लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, अन्नावरची वासना जाणं, उजव्या बरगडीखाली जड वाटणं, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

---

मेडिकलवाला_कराड

दोन्ही कॅप्सूलबद्दल लिहितो, कारण "हळद तर आपण रोज खातो" हे काउंटरवर रोज ऐकू येतं.

भाजीत पडणारी हळद दिवसाला दीड ग्रॅम धरली तर तिच्यात कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के, म्हणजे ४५ मिग्रॅ, आणि त्यातलं आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. मावशींची एक कॅप्सूल ५०० मिग्रॅची ९५ टक्के, म्हणजे ४७५ मिग्रॅ. दोन मिळून ९५०. वर पिपरिन (मिरीतला घटक). बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिग्रॅ पिपरिन दिलं तर माणसात कर्क्युमिनचं शोषण वीस पटीने वाढतं. जाहिरातीत हे फायदा म्हणून छापतात. पण यकृताला त्रास झालेल्या ज्या केसेस अमेरिकेत २०२२ मध्ये मांडल्या गेल्या, त्यांत काही पिपरिन घातलेली उत्पादनं होती, आणि बहुतेक रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकीय प्रकार सापडला. कुणाच्या अंगात हा प्रकार आहे हे कपाळावर लिहिलेलं नसतं. पिपरिन फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफायलिन यांची रक्तातली पातळीही वाढवतं, तेव्हा अपस्माराच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ही कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊच नये. मावशींच्या बाबतीत ॲस्पिरिन आहे, आणि कर्क्युमिनचा जास्त डोस रक्त गोठायची क्रिया थोडी मंदावतो. स्वयंपाकातली हळद चालू, कॅप्सूल बंद.

अश्वगंधा. डबी उलटी करून बघा, "मूळ" लिहिलंय की नुसतं "अश्वगंधा अर्क". पानांत विदाफेरिन ए हे पेशींना मारक द्रव्य मुळापेक्षा जास्त असतं, म्हणून आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं न वापरण्याची सूचना दिली होती. मुळाच्या चूर्णाची ग्रंथोक्त मात्रा ३ ते ६ ग्रॅम. अर्काच्या कॅप्सूलमध्ये ३०० ते ६०० मिग्रॅत तेच सगळं आटवून भरलेलं असतं, त्यामुळे "कॅप्सूल छोटी आहे" हा हिशेब उपयोगाचा नाही. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी वाढू शकते. मावशींची थायरॉक्सिनची गोळी कदाचित अश्वगंधा चालू असतानाच ठरलेली असेल. बंद केल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची चाचणी) परत बघा, त्याआधीचा आकडा खरा धरू नका. यकृताला इजा होते ती साधारण २ ते १२ आठवड्यांत, कावीळ आणि जबर खाज. बंद केल्यावर बहुतेकांचं भरून येतं, पण त्यात महिने जातात. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. आपल्याकडे इतकं टोकाला जायची गरज मला वाटत नाही, पण यकृताचे रिपोर्ट न बघता महिनोन् महिने घेत राहणं चूक.

इसबगोल ठेवा. फक्त एक चमचा घालून ढवळल्या ढवळल्या पूर्ण पेलाभर, २०० ते २५० मिली पाण्याबरोबर घ्यायचं, वर आणखी अर्धा पेला पाणी. पेल्यातच फुगू दिलं किंवा कमी पाण्यात घेतलं तर घशात अडकतं. घेऊन लगेच आडवं होऊ नये, म्हणून झोपायच्या आधी तासभर. थायरॉक्सिनपासून चार तास लांब. आणि थायरॉक्सिन सकाळी फक्त पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही नाही. आत्तापर्यंत त्याच वेळेला गुळवेलीचा रस जात होता, म्हणजे गोळी नीट लागू पडत होती का हाही प्रश्नच.

बद्धकोष्ठ नेमकं कधीपासून आहे? पुडी सुरू झाल्यानंतरचं असेल, सोबत पोटात कळ, थकवा आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्तातलं शिसं तपासायला सांगा. अशा बेनाव पुड्यांत धातूचं कच्चं भस्मही असू शकतं. बॉस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. आपल्याकडे निव्वळ वनस्पतींच्या औषधांना मर्यादा आहेत : शिसं १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. बाजारातल्या पुडीला त्या कोण लावणार?

---

भूलशास्त्र

भुलेच्या बाजूने पाहिलं तर मला तीन गोष्टी आधी कळायला हव्यात, आणि पेशंट नेमक्या त्याच सांगत नाहीत.

पहिली, स्टिरॉइड. भूल आणि शस्त्रक्रियेच्या ताणात निरोगी शरीर कॉर्टिसोल कितीतरी पट वाढवतं. ग्रंथी झोपलेली असेल तर टेबलवर बीपी पडतं आणि सलाइन, बीपी वाढवणारी इंजेक्शनं देऊनही वर येत नाही. आधी माहीत असेल तर उपाय अगदी सोपा आहे : भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून आणि पुढच्या २४ तासांत २०० मिग्रॅ. माहीत नसेल तर कारण शोधण्यात मोलाचा वेळ जातो. पुडी बंद होऊन दोन-चार महिने झाले असले तरी हे सांगायचंच, ग्रंथीला जाग यायला काही वेळा वर्ष लागतं.

दुसरी, रक्तस्राव. गुडघ्याला बहुधा पाठीतून भूल देतात. एकटं ॲस्पिरिन असेल तर त्याने अडत नाही, आणि ते ठेवायचं की थांबवायचं हे हृदयाच्या इतिहासावरून डॉक्टर ठरवतील, तुम्ही परस्पर थांबवू नका. पण ॲस्पिरिन, कर्क्युमिन, लसणाची कॅप्सूल, पुडीतलं वेदनाशामक असं सगळं एकावर एक साचलं की मणक्यात रक्त साकळण्याची भीती वाढते. लसणाचा अर्क किमान ७ दिवस आधी बंद हवा. प्रत्येक वनस्पतीसाठी वेगळा आकडा पाठ करण्यापेक्षा सगळी पूरकं दोन आठवडे आधी थांबवणं सोपं आणि सुरक्षित. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत, पुडी आणि इसबगोल सोडून बाकी आजच थांबवा. भाजीतला लसूण-आलं याला लागू नाही.

तिसरी, साखर. एचबीएवनसी ८.४ असताना कृत्रिम सांधा बसवला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, वर स्टिरॉइड जखम भरू देत नाही. सांध्यात जंतू गेले तर तो सांधा काढून टाकावा लागू शकतो. म्हणून सर्जनने तारीख महिना-दीड महिना पुढे ढकलली तर नाराज होऊ नका, तो बरोबर करतोय.

डॉक्टरांना सांगायचं कसं? चिठ्ठी पुरत नाही. सगळ्या बाटल्या, डब्या आणि पुड्या एका पिशवीत घालून न्या. मोबाइलवर लेबलचा पुढून-मागून फोटो काढा, बॅच नंबर वाचता येईल असा. कागदावर प्रत्येकापुढे तीन गोष्टी : किती, कधीपासून, शेवटचा डोस कधी. भूलपूर्व तपासणीत "आयुर्वेदिक काही घेता का?" असं विचारलं की लोक नाही म्हणतात, कारण रस आणि काढा त्यांच्या हिशेबात औषध नसतं. मावशींना विचारताना "सकाळपासून रात्रीपर्यंत पोटात काय काय जातं?" असं विचारा, आणखी दोन गोष्टी निघतील.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या संध्याकाळची फिजिशियनची वेळ घेतली. विचारल्यावर खरंच आणखी निघालं : रात्री अळशीची पूड, आणि दुखणं वाढलं की शेजारच्या काकू गुडघ्याला बिब्बा लावून देतात. हे वरून लावायचं आहे, ते चालेल ना? आणि पुडी कमी करताना दुखणं उसळेल त्याचं काय?

---

वैद्य_खलबत्ता

बिब्बा अजिबात नको. बिब्ब्याचं तेल त्वचेला जाळतं, उतलं की फोड येतात, पाणी सुटतं, काळे डाग राहतात. कुणाला उतेल आणि कुणाला नाही हे आधी कळत नाही, आणि एकदा सोसला म्हणून दुसऱ्यांदा सोसेल असंही नाही, उलट दर वेळी त्वचा जास्त बिथरते. तुमच्या बाबतीत आणखी मोठी अडचण अशी की चीर द्यायच्या जागी फोड किंवा उघडी जखम असेल तर सर्जन ऑपरेशन करणारच नाही. त्वचेवरचे जंतू थेट सांध्यात जायची भीती असते. रुईचं पान गरम करून बांधणं, चुना-गूळ, डाग देणं, हेही याच कारणासाठी नको. आत्ता बिब्बा लावलेला असेल तर साबण-पाण्याने धुवा, खोबरेल लावा, फोड फोडू नका आणि उद्या डॉक्टरांना दाखवा. काकूंनी हातही लगेच धुवायला हवेत, तोच हात डोळ्याला लागतो.

दुखणं उसळणार, ते गृहीत धरा. निर्गुंडीचं तेल कोमट करून हलक्या हाताने लावा, त्वचा धड असेल तरच. वर शेकाची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून शेक आधी तुमच्या मनगटावर बघून मगच मावशींना. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम ऑपरेशननंतरही उपयोगी पडेल : पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून पाच मोजेपर्यंत धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा.

अळशी चमचाभर जेवणात चालते, पण तीही फुगते. इसबगोलाचे पाण्याचे आणि थायरॉक्सिनचे नियम तिलाही लावा. तेलाच्या कॅप्सूल असतील तर बंद.

---

मेडिकलवाला_कराड

दुखण्यासाठी काउंटरवरून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणू नका, क्रिएटिनिन यायच्या आधी तर नाहीच. पॅरासिटामॉल ५०० ते ६५० मिग्रॅ, दोन डोसमध्ये किमान सहा तास. यकृताचे रिपोर्ट हाती येईपर्यंत दिवसाला २ ग्रॅमच्या वर नको. पुडीतही पॅरासिटामॉल असू शकतं, तोपर्यंत हात राखूनच.

उद्या डॉक्टरांकडून एकाच वेळी लिहून घ्या : सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, हिमोग्लोबिन, पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), टीएसएच, ईसीजी, आणि ते म्हणतील त्या दिवशी ८ चं कॉर्टिसोल. दोन-तीनदा सुई टोचण्यापेक्षा एकदाच.

दुष्परिणामाची नोंदही करा. आयुषची औषधनिगराणी व्यवस्था २०१८ पासून आहे, आयुष सुरक्षा पोर्टलवर नोंद करता येते. नाहीतर औषधनिगराणीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. गुळवेल आणि अश्वगंधेचा बॅच नंबर त्यासाठी लागतो, म्हणून रिकामी बाटलीही ठेवा.

---

भूलशास्त्र

एक राहिलं. ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिनची इंजेक्शनं किंवा ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅनच्या गोळ्या देतात, साधारण १० ते १४ दिवस, काहींना ३५ दिवसांपर्यंत. घरी आल्यावर "आता ऑपरेशन झालं, ताकद यायला हवी" म्हणून हळदीची कॅप्सूल, लसणाचा अर्क, अश्वगंधा असं सगळं परत सुरू होतं, नेमकं याच काळात. ही औषधं संपेपर्यंत काहीही सुरू करू नका. पट्टीतून रक्त झिरपत राहिलं, गुडघा एकदम तणतणून सुजला, शौच काळी झाली तर त्याच दिवशी फोन. आणि स्टिरॉइडचा उतरता डोस चालू असेल तर त्याचा कागद डिस्चार्ज कार्डाला टाचून ठेवा. वॉर्डात तो डोस चुकला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या आणि चक्कर येते, आणि सगळे ते भुलेवर ढकलतात.